दिव्याने पास केलेले हात

भिंग्याने कॅमेरा सुरू केला तेव्हा लॅबमधल्या सगळ्या ट्यूबा लख्ख पेटलेल्या होत्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र मिट्ट काळोख होता. तो काळोख पाहून सगळ्यांना आनंद झाला, कारण असाच काळोख यायला हवा होता. माणसाला दिसतो तो उजेड या कॅमेऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून त्याच्यापुढे काळी काच बसवली होती. त्याला दिसायचं ते फक्त लाल रंगाच्याही पलीकडचं, इन्फ्रारेड. एलईडीच्या ट्यूबांत ते औषधालाही नसतं, आणि उन्हाने लुडबुड करू नये म्हणून खिडक्यांचे जाड पडदे भरदुपारी ओढून घेतले होते.

सरांनी खिशातून लायटर काढून पेटवला आणि त्या एवढ्याशा ज्योतीने पडद्यावर अख्खी खोली उभी केली. टेबलं, काचेचे चंबू, सरांचं टक्कल.

"इथेही चमकतंय म्हणजे आता इलाज नाही," सर टकलावरून हात फिरवत म्हणाले, आणि सगळे पोट धरून हसले. हसण्याचा हक्कच होता त्यांना. या एका कॅमेऱ्यापायी सगळ्यांनी रक्ताचं पाणी केलं होतं, आणि सगळ्यांत जास्त तिने.

कारण कॅमेऱ्याचा डोळा तिने शिजवला होता. शिजवणं हा लॅबमधलाच शब्द. चंबूत शिशाचा क्षार तेलकट आम्लात विरघळवायचा, आतली हवा काढून टाकायची, तापवायचं, आणि मग गंधकाचं द्रावण सिरिंजने एका दमात आत सोडायचं. हात जरा अडखळला की काही कण लहान, काही मोठे, आणि अख्खा घाणा वाया. तिचा हात अडखळत नसे. पाण्यासारखं नितळ द्रावण पापणी लवायच्या आत गर्द तपकिरी व्हायचं, आणि त्यात क्वांटम डॉट नावाचे अगणित कण जन्माला आलेले असायचे, सगळे एका मापाचे. उजेड पडला की हे कण स्वतःही उजळतात, आणि कुठल्या रंगात ते त्यांच्या मापावर ठरतं. पूर्वी ती टीव्हीच्या पडद्यांसाठी कॅडमियमचे कण करायची तेव्हा ते लहान ठेवले की हिरवे उजळायचे आणि वाढू दिले की लाल. शिशाच्या कणांचा रंग लालच्याही पुढे गेला होता, जिथे डोळा पोचत नाही. तो तसा जावा म्हणूनच तर सगळा खटाटोप.

सरांनी लायटर विझवला, आणि भिंग्याने बारकावे तपासायला कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली. पडदा पुन्हा काळा व्हायला हवा होता, पण तो पुरता झाला नाही. इकडेतिकडे पांढरे डाग राहिले. भिंग्याने कपाळाला आठ्या घातल्या. त्याचं हे नाव त्याच्या जाड चष्म्यामुळे पडलं होतं, आणि त्या चष्म्यातून तो आता पडद्याला नाक लावून बघत होता.

"पिक्सेल मेलेत वाटतं," तो पुटपुटला आणि त्याने काच पुसली. डाग गेले नाहीत.

मग तिने तोंडावर आलेली बट मागे सारायला हात वर केला, आणि पाच डाग त्याच्याबरोबर वर गेले.

तिने हात खाली घेतला, डाग खाली आले. तिने तो हात कॅमेऱ्यापुढे धरला. बोटांची टोकं, तळव्याची कड, आणि ॲप्रनमधून बाहेर डोकावणारी स्वेटरची बाही, सगळं चुना फासल्यासारखं पांढरं. ट्यूबच्या उजेडात तोच हात धुतल्या तांदळासारखा होता.

"दाराकडे वळव," ती भिंग्याला म्हणाली.

दाराची मूठ उजळलेली होती. नळ, खुर्चीची पाठ, सगळ्यांचं मिळून असलेलं एकुलतं पेन, दिव्याचं बटण. तो हात तपासायचा जांभळा दिवा तिचाच होता.

लॅबमध्ये तिला सगळे 'दिवाबत्ती' म्हणायचे, आणि हे नाव तिने स्वतः कमावलेलं होतं. कॅडमियम विषारी, पण त्याच्या कणांचा एक गुण असा की जांभळ्या दिव्याखाली ते स्वतःच स्वतःची चुगली करायचे. म्हणून तिने नियम घातला होता: घरी जाताना हात दिव्याखाली दाखवायचे. एक हिरवा ठिपका दिसला तरी परत बेसिनपाशी. नव्या माणसांचे हात ती जातीने तपासायची, आणि एकदा तर सरांना भर पार्किंगमधून परत बोलावून हात धुवायला लावले होते. पुढे शिशाचं काम आलं. कण बदलले, दिवा तोच राहिला. रोज संध्याकाळी सगळ्यांचे हात दिव्याखाली जात, रोज एकही ठिपका उमटत नसे, आणि तिला स्वतःचंच कौतुक वाटे, की किती सफाई आली आपल्या कामात. हळूहळू हात धुणंही सुटलं. आधी रोज, मग कधीमधी, मग बस चुकू नये म्हणून नाहीच. दिव्याने पास केलेले हात, त्यांना आणखी काय धुवायचं. हा रंग डोळ्यांना दिसत नाही हे तिच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी इतक्या दिवसांत तिच्या डोक्यात हे एकदाही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"चिंगी," ती म्हणाली.

चिंगी म्हणजे तिची लेक. नुकती कुठे धरून उभी राहायला लागलेली. दात येत होते म्हणून हाती लागेल ते चावत सुटायची, आणि सगळ्यांत आवडतं चावणं म्हणजे आईच्या तर्जनीचं पेर. रोज संध्याकाळी मांडीवर बसून ती ते मन लावून चघळायची. मोठ्या माणसाच्या अंगात थोडं शिसं गेलं तर त्रास होतो. एवढ्या जिवाच्या अंगात गेलं तर ते मेंदू धरतं आणि जन्मभर सोडत नाही. हे तिला शिकवायला कुणी नको होतं. तिने कॅमेऱ्याची वायर उपसली.

"अगं, तो एकच नग आहे," सर म्हणाले. "उद्या सकाळी गिऱ्हाईक येतंय."

तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. सर वेगळ्याच, बारीक आवाजात म्हणाले, "भिंग्या, तू जा तिच्याबरोबर. तिला एकटीला तो चालवता यायचा नाही. आणि तिथलं झालं की माझ्या घरी ये. माझी नातवंडं आलीत."

स्वेटर काढून तिने पिशवीत गाठ मारून ठेवला. हात लाल होईस्तोवर घासले, कॅमेरा पुन्हा जोडून पडद्यावर ते काळे दिसल्यावरच निघाली. टॅक्सीत भिंग्या कॅमेरा तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेऊन बसला होता. धीर द्यावा म्हणून तो म्हणाला, "बाई, शिशाचं सल्फाइड अंगात फारसं विरघळत नाही म्हणतात."

"ढेकळाचं तसं. इतक्या बारीक कणांचं कोण छातीठोक सांगणार? तू सांगतोस?"

उरलेला रस्ता त्याने खिडकीबाहेर बघत काढला.

दार सासूबाईंनी उघडलं. तिचा नवरा जहाजावर, वर्षातून दोनदा उगवणारा. चिंगी झाल्यावर नातीला सांभाळायला म्हणून सासूबाई आल्या आणि राहिल्या. घरात दोन बायका आणि एक लेकरू. भांडण म्हणावं असं कधी झालं नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. सासूबाईंना घर आरशासारखं लागे, आणि तिचं सगळं लक्ष कामावर.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय? दुपारचीच घरी," त्या म्हणाल्या. मग मागे भिंग्या दिसला तेव्हा त्यांनी दार जरा पुढे लोटलं. "हे कोण?"

"माझ्याबरोबर काम करतो. आई, एका कॅमेऱ्याची चाचणी घ्यायचीय. चिंगी कुठेय?"

"निजलीय. आणि चाचणी आमच्या घरात कशाला? तुमची ती एवढी मोठी लॅब काय भाड्याने दिलीत?"

तिने पडदे ओढले, दिवे लावले. भिंग्याने जमिनीवर लॅपटॉप उघडला. आधी दाराची मूठ: उजळलेली. तिची पर्स टांगायचा खिळा: उजळलेला. न्हाणीघरातला नळ तर असा पेटला की भिंग्याने प्रकाश कमी करायला बटण दाबलं.

"तो नळ मी आज सकाळीच घासलाय," सासूबाई मागून म्हणाल्या. आवाज दुखावलेला होता. "ह्या पांढऱ्या डागांचं खापर माझ्यावर फोडणार असाल तर आधीच सांगा."

"डाग तुमचे नाहीत, आई. माझे आहेत." आता लपवून उपयोग नव्हता. "मी जे बनवते त्यात शिसं आहे. विष आहे ते. माझ्या हाताला लागून रोज घरी येत होतं. दिसत नव्हतं."

सासूबाईंनी नळाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मग आतल्या खोलीकडे, जिथे चिंगी निजली होती.

"दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या, "म्हणून आणलंस."

तिने चिंगीची वाटी कॅमेऱ्यापुढे धरली. काळी. चमचा काळा. रबरी हत्ती, ज्याची सोंड चघळून चघळून पांढरी पडली होती, तो पडद्यावर दिसलाच नाही. चादर, झबली, दुपटं. भिंग्या हाताचा घाम पँटला पुसत होता. शेवटी उरली ती चिंगीच.

तिने लेकीला उचललं नाही. आपले हात घासून आलोय हे ठाऊक असूनही तिला धीर होईना. "आई, तुम्ही घ्या," असं म्हणणार तेवढ्यात चिंगी आपणच जागी झाली, उठून बसली, आणि एवढी माणसं आपल्यासाठी जमलेली बघून खूश झाली. भिंग्याने कॅमेरा जवळ आणला. झबल्याच्या पाठीवर एका तळव्याचा पुसट ठसा होता, थोपटताना उमटलेला. मुठी काळ्या. गाल काळे. चिंगीने तोंड मोठ्ठं उघडून जांभई दिली, आणि ते कोवळं बोळकं, दोन दात धरून, पडद्यावर काळंकुट्ट होतं.

तिला न्हाणीघरातला तो नळ आठवला. रोज ती घरी आली की सासूबाई पाळण्याआड उभ्या राहायच्या: आधी हात धू, मग पोरीला घे. बाहेरची धूळ घरात नको, एवढाच त्यांचा हिशेब. आणि तिला रोज राग यायचा. माझ्याच पोरीला हात लावायला मला परवाना लागतो का, असं ती एकदा नवऱ्याला फोनवर रडून बोललीही होती. तरी रोज मुकाट्याने त्या नळावर हात धुवायची, कारण वाद घालण्याइतकं त्राण उरलेलं नसे. आता तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि यातलं कुठलं आवरावं ते समजत नव्हतं.

"बाई," भिंग्या म्हणाला. "इकडे बघा."

सासूबाईंनी चिंगीला कडेवर घेतलं होतं आणि कॅमेरा अजून चालूच होता. पडद्यावर चिंगी दिसत नव्हती. दिसत होती ती तिच्या कमरेभोवतीची दोन हातांची दहा बोटं, आणि वर, हवेत तरंगणारे, दोन ओठ.

"हे माझे ओठ?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी ते हलवून पाहिले. पडद्यावरचेही हलले. "म्हातारपणी लिपस्टिक लागली म्हणायची."

"आई, तुम्ही काय केलंत? काय घातलंत तोंडात?"

"मी काय घालणार? तुझा स्वेटर होता हातात, तो राखाडी. आत्ताच ठेवला." त्यांनी खुर्चीकडे मान केली. तिथे तिचा दुसरा स्वेटर होता, बाहीत सुई खोवलेली. "तुझ्या बाह्या सारख्या विरतात. एक घालून जातेस तेव्हा दुसरा नीट करते मी. लोकर तोंडात ओली केल्याशिवाय सुईत जाते का? आणि कात्री कोण शोधत बसतंय, दात आहेत तोवर दातांनी तोडायची."

स्वेटरच्या बाह्या दर थोड्या दिवसांनी नव्यासारख्या होऊन कपाटात येतात, हे तिने कधी पाहिलं नव्हतं असं नाही. पाहिलं होतं आणि घातला होता. लॅबमध्ये थंडी असते, तिथे स्वेटर लागतो, आणि तो कपाटात असतो.

खरं सांगायचं तर त्या घटकेलाही तिच्या छातीत जे होतं ते सुख होतं. चिंगी नाही. चिंगीच्या तोंडात नाही. एवढा एकच विचार तिथे ऐसपैस पसरून बसला होता आणि दुसऱ्या कशाला जागा देत नव्हता. ती बोलली ते नीटच बोलली: आई, चूळ भरा, हात घासा, आपण दवाखान्यात जाऊ. पण चेहऱ्याला खोटं बोलता येत नाही, आणि सासूबाई तिच्या चेहऱ्याकडेच बघत होत्या.

"जाऊ," त्या म्हणाल्या. "आधी पोरीचं रक्त दे. तिला सुई टोचताना मी धरेन, तुझ्याच्याने व्हायचं नाही."

झालंही तसंच. चिंगीने दवाखाना डोक्यावर घेतला आणि तिची आई बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिचं स्वतःचं रक्त, मग सासूबाईंचं. डॉक्टरीणबाई कागदावर काही लिहीत सासूबाईंना विचारत होत्या: पोट दुखतं का, भूक कशी आहे, बोटांना मुंग्या येतात का.

"दुखतं मधूनमधून. भूक म्हणाल तर नाहीच. मुंग्या येतात, पण त्या वयाच्या."

"कधीपासून?" हे तिने विचारलं.

"झाले काही महिने," सासूबाई म्हणाल्या, डॉक्टरीणबाईंकडे बघून. "सांगायचं कुणाला? ही दमून येते, तो समुद्रावर. आणि म्हातारीचं पोट काय, दुखणारच."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली नाही, वाईट आहे म्हणाल्या नाहीत, चांगलंही म्हणाल्या नाहीत. उद्या फोन येईल म्हणाल्या. रक्तात काय आहे ते बघितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही, आणि लहान मुलीचा नमुना आधी लावायला सांगते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. लॅबला कुलूप होतं, गिऱ्हाइकाला पुढची तारीख दिली होती. सरांच्या नातवंडांचीही रक्तं तपासायला गेली होती. सकाळपासून घरातले कान फोन या एकाच वस्तूकडे लागले होते. दोघींनी एकमेकींशी लागेल तेवढंच बोलणं केलं. न्हाणीघरातला नळ तिने तीनदा घासला. राखाडी स्वेटर पिशवीत बांधून लॅबला परत न्यायच्या सामानात ठेवला, बाहीतल्या सुईसकट. सासूबाई स्वयंपाकघरात ओट्याशी भाजी चिरत होत्या, नेहमीपेक्षा फार बारीक. चिंगी जमिनीवर बसून पातेल्याचं झाकण आपटत होती.

फोन वाजला. तिने तो पहिल्याच घंटीला उचलला.

पलीकडे दवाखान्यातली नर्स होती. तिने चिंगीचं नाव, वय, सगळं खात्रीसाठी विचारलं, आणि इकडे तिला वाटलं आता ही बाई आणखी एक प्रश्न विचारेल तर आपण किंचाळू. मग नर्स म्हणाली, शिसं जवळजवळ नाहीच. काळजीचं कारण नाही, पुन्हा एकदा बघू म्हणजे झालं. नर्स पुढेही काहीतरी बोलत होती.

"थँक्यू," ती म्हणाली. "थँक्यू, थँक्यू, फार उपकार झाले." तिने फोन बंद केला, झाकणासकट चिंगीला उचललं, गालांचे, केसांचे, मानेचे मुके घेतले, आणि त्या छोट्याशा स्वयंपाकघरात गोल गोल फिरली. "सुटलो, आई. काही नाही तिला. सुटलो आपण."

सासूबाईंच्या हातातली सुरी थांबली होती. त्यांचा चेहरा उजळला, अगदी खरा उजळला. त्यांनी डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला आणि चिंगीच्या पायाला हळूच चिमटा काढला. मग त्या तशाच उभ्या राहिल्या, काहीतरी ऐकायचं राहिलं असल्यासारख्या. ती अजून फिरत होती.

"आणि माझं?" सासूबाईंनी विचारलं.

ती थांबली. हातातल्या फोनकडे पाहिलं. तो तिने बंद केलेला होता.